सातव्या कातड्याचा पत्ता

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पाच दिवस मुंबईत होते. नागपूरहून मुंबईला लोक मुलाखतीला जातात, लग्नाला जातात, कुणी नुसता समुद्र बघायला जातात. मी एका मेलेल्या हूलॉकचं लेबल तपासायला गेले होते. आईने शेजारी ‘ऑफिसचं काम आहे’ एवढंच सांगितलं. तेच सोयीचं होतं.

हूलॉक म्हणजे आपल्या ईशान्येकडच्या जंगलांत राहणारा बिनशेपटीचा वानर. हात लांब, भुवया पांढऱ्या, आणि आवाज असा की डोंगरापलीकडे ऐकू जावा. चिंपांझी आणि गोरिलांचा तो दूरचा भाऊबंद. या सगळ्यांच्या एक्स गुणसूत्राचा अभ्यास हे माझं काम होतं. मादीत एक्सच्या दोन प्रती असतात, नरात एकच, आणि तिच्या जोडीला वाय. नराकडे एकच प्रत असल्याने तिच्यातला बदल झाकून राहत नाही. वाईट असला तर लवकर गळतो, चांगला असला तर काही पिढ्यांत सगळ्यांमध्ये पसरतो. पसरताना तो आजूबाजूचा डीएनएचा मजकूरही ओढून नेतो. मग त्या पट्ट्यात कुणाचंही बघा, अक्षरं तीच. फरक उरलेला नसतो. चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान यांच्या एक्सवर असे सपाट झालेले पट्टे आहेत. हूलॉकमध्ये काय आहे, ते मी तीन वर्षं बघत होते.

माझ्याकडे वेगवेगळ्या जुन्या संग्रहांतल्या सात कातड्यांचे नमुने होते. एका पट्ट्यात सहा जण अगदी सारखे निघाले. सातवा मात्र पार वेगळा. त्या एकट्याच्या जोरावर आम्ही लिहिलं होतं, की बाकीच्या वानरांत जो पट्टा सपाट झाला तो हूलॉकमध्ये वाचला आहे. प्रकल्पाची मुदतवाढ याच वाक्यावर अवलंबून होती.

अडचण एकच होती. सातव्याच्या नोंदीत ‘नर, आसाम’ असं होतं आणि आम्हाला वाय कुठे सापडत नव्हता. कातडं इतकं जीर्ण, मजकूर इतका तुटका, की न सापडणं आणि नसणं यातला फरक करता येईना. आमचे सर सावध माणूस. ते म्हणाले, लेख पाठवायच्या आधी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी लेबल बघून या, जमलं तर ताजा नमुनाही आणा.

परळ

माझी मामेबहीण मनीषा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहते. तिच्याकडे पिशवी टाकून मी बसने परळला गेले. आमच्याकडे मार्चमध्ये ऊन कोरडं असतं, अंगावर घाम दिसतच नाही. इथे बसमधून उतरेपर्यंत माझी ओढणी पिळण्यासारखी झाली होती.

ज्या कॉलेजात तो संग्रह आहे त्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक खोली, काचेची कपाटं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. किल्ली सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि म्हणाले की हे बघायला नागपूरहून कुणी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ज्याची अक्षरं मी तीन वर्षं पडद्यावर वाचत होते, तो प्राणी मी पहिल्यांदाच बघत होते. अपेक्षेपेक्षा खूपच लहान. एका लाकडी फांदीला दोन्ही हातांनी लटकवलेला. काचेचे डोळे दोन वेगळ्या रंगांचे, एक तपकिरी, एक काळा. भुवया पिवळसर पडलेल्या. लेबल टाईप केलेलं होतं : हूलॉक, नर, आसाम.

मी हातमोजे घालून केस बाजूला केले. जुनी कातडी टिकवायला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, वापरत, त्यामुळे हात लावताना जपावं लागतं. वरचे केस काळे होते. कुशीतले आणि पोटाकडचे मात्र मुळाशी फिकट, भुरे. हूलॉकचे नर काळेच राहतात. मादी लहानपणी नरासारखीच काळी असते आणि वयात येताना भुरी होत जाते. माझ्या मनात शंका आली. पण इतकी वर्षं खिडकीच्या उजेडात टांगलेल्या केसांचा रंग उडणारच. शरीर बघून ठरवावं तर भुसा भरणाऱ्याने खालची शिवण इतकी घट्ट घातली होती की काही कळायला वाव नव्हता.

पायाच्या तळव्याचा छोटासा तुकडा मी कापून नळीत टाकला, आणि झाकण लावायच्या आत नळी हातातून सुटून कपाटाखाली गडगडली. मग नागपूरची संशोधक आणि मुंबईचे किल्लीवाले असे दोघं फरशीवर पालथे पडून फूटपट्टीने ती ओढत बसलो. तिच्याबरोबर एक वाळलेली पालही आली. तो तुकडा मी फेकून दिला आणि दुसरा घेतला. तोवर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. कप बघून मला वाटलं चव घ्यायला दिलाय. आमच्याकडे एवढ्या चहात पाहुणा रागावतो.

नोंदवहीत लिहिलं होतं की माझगावच्या एका शेटच्या खाजगी प्राणिसंग्रहातून हे कातडं आलं, आणि भुसा भरण्याचं काम गिरगावच्या धैर्यवान यांनी केलं. धैर्यवान आता नाहीत. पण त्यांची मुलगी वर्षातून एकदा वडिलांचं काम बघायला येते, असं किल्लीवाले म्हणाले आणि त्यांनी मला तिचा नंबर दिला.

गिरगाव

हेमाताई धैर्यवान सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. फोनवरच त्यांनी विचारलं की मासे खाता का. मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, मग जेवायलाच या.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि पुढे बंदिस्त गॅलरी. कोळंबी आणि कोबीचं भानोलं त्यांनी केलं होतं. जाडसर, खरपूस भाजलेलं, वड्या पाडून वाढलेलं. पाठारे प्रभूंच्या घरी मी पहिल्यांदाच जेवत होते. नागपूरच्या माणसाला आमचं फिकं लागेल, असं म्हणत त्यांनी पानाशेजारी दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या. मी मिरच्यांना हात लावला नाही, आणि ते त्यांनी पाहिलं.

त्यांचे वडील गोदीच्या कचेरीत कारकून होते. रविवारी गॅलरीत बसून प्राण्यांमध्ये भुसा भरत. हा छंद त्यांना एका साहेबाकडून लागला होता. हेमाताईंची आई त्यांना आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. ज्या गॅलरीत आम्ही हात धुवायला गेलो तिथे एकदा आठवडाभर एक मगर होती, हे त्यांनी कुंड्या दाखवाव्या तसं सांगितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी वडिलांची वही काढली. प्रत्येक प्राण्याला एक पान. लांबी, वजन, डोळ्यांचा रंग, कशाने मेला, सगळं निगुतीने लिहिलेलं. अक्षर सुरेख. हूलॉकच्या पानावर मात्र मोजक्या ओळी होत्या. लांबी, वजन, मग ‘नर. आसाम.’ आणि त्यापुढे कंसात ‘शेट म्हणाले तसं’. खाली ‘आणला : परब’.

मी पुढची मागची पानं चाळली. ‘शेट म्हणाले तसं’ हे शब्द दुसऱ्या कुठल्याच पानावर नव्हते. मी ते हेमाताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पान बराच वेळ पाहिलं.

“बाबा न बघता काही लिहायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे इथे त्यांनी जे पाहिलं ते लिहिलेलं नाही.”

त्यांचा आवाज बदलला नव्हता, पण वही त्यांनी लगेच मिटली. थोड्या वेळाने स्वतःच सांगितलं की परब म्हणजे त्या शेटकडे जनावरांना खाऊ घालणारा माणूस. वडील गेल्यावरही तो दरवर्षी दिवाळीनंतर भेटायला यायचा. गुडघे दुखायला लागल्यापासून येत नाही. लालबागला असतो, मुलीकडे. तिचा फोन नंबर त्यांच्याकडे होता.

लालबाग

मार्च-एप्रिलमध्ये लालबागला मसाल्याचे दिवस असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच मिरच्यांची पोती, पुढे मसाला कांडणाऱ्या डंखांचा धडधडाट, आणि घरून मिरच्या भाजून आणलेल्या बायकांची रांग. तिखट खाण्याचा आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्यांना फार अभिमान असतो. मी रांगेच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत सलग शिंकत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रांगेतल्या एका बाईने मला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, “पहिल्यांदाच आलीस काय?”

चाळीत तीन परब होते. मी चुकीच्या परबांकडे गेले. त्यांनी आत बोलावलं, बसवलं, चहा दिला, आणि मी ‘तुमच्याकडचा हूलॉक’ म्हटल्यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं मी कुठल्यातरी कंपनीचं यंत्र विकायला आले आहे. उलगडा झाल्यावर ते गृहस्थ स्वतः मला वरच्या मजल्यावर सोडायला आले. ओळख नसताना चहा पाजणं आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे आधी गाव, आडनाव, पाहुणे कोण, हे सगळं विचारून होतं. इथे चहा आधी आला.

योग्य परब खाटेवर बसून लसूण सोलत होते. वय ऐंशीच्या आसपास, काटक अंग, गुडघ्यांना पट्टे. त्यांची मुलगी सुलभा या दिवसांत मसाल्याच्या ऑर्डरी घेते. घरात जमिनीवर कागद पसरून त्यावर धणे आणि खोबरं वाळत घातलं होतं. मला बसायला तिने खोबरं बाजूला केलं.

मी मोबाइलवर कातड्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग मुलीला म्हणाले, “बघ, हीच ती.”

मी म्हटलं की लेबलवर नर लिहिलंय.

“नर खयचो?” ते म्हणाले. “पोर होती ती. माझ्या हातात वाढली.”

मग ते सावकाश सांगत गेले. ती आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. शेटनी तिचं नाव राजा ठेवलं, कारण काळी माकडं म्हणजे नर असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. परब तिला आंघोळ घालायचे, त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शेटना सांगितलंही. शेट हसले आणि म्हणाले, आता काय राणी म्हणायचं? सात-आठ वर्षांची झाल्यावर तिच्या कुशीतले केस भुरे यायला लागले. शेटना वाटलं आजारी आहे. परबांना ते केस आवडायचे. पूर्ण रंग बदलायच्या आतच ती गेली.

रोज पहाटे गोदीचा भोंगा वाजला की ती ओरडायला लागायची, हे त्यांनी सांगितलं. भोंगा थांबला की थोडं थांबायची, परत ओरडायची. हूलॉक नर-मादी सकाळी एकमेकांना साद घालतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच विचारलं की ती भोंग्याला आपल्यातलं कुणी समजायची का. मी म्हटलं, असेल.

सुलभाने तोवर गरम भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. मी खात असताना विचारलं की ती आसामात नेमकी कुठे पकडली होती. परबांनी लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली. मग दुसरी घेतली. मी परत विचारल्यावर म्हणाले, “उद्या माझगावाक येशात? थय दाखवतंय.”

सुलभा म्हणाली की त्यांना जिने उतरवत नाहीत. ते म्हणाले की उतरवतील.

माझगाव

सकाळी नऊला आम्ही टॅक्सीने निघालो. जिना उतरायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

शेटचा बंगला होता तिथे आता उंच इमारत आहे. पार्किंगच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी हाताने दाखवलं, इथे हरणं, तिथे मोर, त्या कोपऱ्यात ती. पहारेकऱ्याने आम्हाला दोनदा विचारलं की कुणाकडे जायचंय. मग आम्ही गोदीच्या भिंतीच्या बाजूने थोडं चाललो. एका जुन्या चर्चच्या बाहेर सावलीत बाक होता, तिथे बसलो. भिंतीपलीकडे क्रेनचं टोक दिसत होतं.

“आसाम-बिसाम काय नाय, बाय,” परब म्हणाले. “ती बोटीतून इली. रंगूनसून.”

त्यांच्या मावशीचा नवरा बोटीवर खलाशी होता. रंगूनला एका लाकूडवाल्याकडून त्याने ते पिल्लू घेतलं. लाकूडवाल्याने सांगितलं होतं की वरच्या अंगाला मोठी नदी आहे, तिच्याही पलीकडच्या जंगलातलं आहे. गोदीतून बाहेर काढताना परबांनी ते सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं होतं. शेटना कागदपत्रांची भीती होती म्हणून त्यांनी सगळ्यांना आसाम सांगितलं, आणि परबांना गप्प बसायला सांगितलं. मावशीच्या नवऱ्याची नोकरी जाईल म्हणून परबही बोलले नाहीत. धैर्यवान साहेबांना ते पटलेलं नव्हतं. पण ते शेटशी वाद घालणारे नव्हते. आता शेट नाहीत, साहेब नाहीत, मावशीचा नवरा नाही.

“काल मुलगी होती घरात,” ते म्हणाले. “तिच्यासमोर बापान चोरी सांगूची नाय, म्हणान हय आणलंय.”

मी बाकावर बसून होते. त्यांना कळण्याचं कारण नव्हतं, पण त्यांनी माझी तीन वर्षं दोन वाक्यांत संपवली होती. ब्रह्मदेशात ती नदी ओलांडली की पलीकडचे हूलॉक वेगळ्या जातीचे. फार पूर्वी दोन्हींची वाट वेगळी झाली. सहा कातडी अलीकडची, सातवं पलीकडचं. मग ते वेगळं निघणारच. पट्टा वाचला वगैरे काही नव्हतं. मी दोन वेगळ्या घरांतली माणसं एका घरातली समजून मोजली होती.

आणि हेही मनात आलं की हे आता फक्त मला माहीत आहे. लेबलवर आसाम आहे, नोंदवहीत आसाम आहे, वहीतही आसाम आहे. नर की मादी एवढंच तपासायला मी आले होते. ते कळलं. लेखात एक शब्द बदलला असता आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं. हा विचार मी लगेच झटकला असं म्हणणार नाही. क्रेन एकदा पूर्ण फिरून परत आली इतका वेळ तो माझ्याजवळ होता.

परबांनी तेवढ्यात विचारलं, “माका एक सांगशात? खरा सांगा. तुमच्या त्या मशिनीत कळता काय, ती कशान मेली?”

मी विचारलं की तेव्हा काय झालं होतं. ते म्हणाले की ती खायची बंद झाली, खोकायची, हाडं दिसायला लागली. दोन महिन्यांत गेली. त्याआधी वर्षभर त्यांना स्वतःला खोकला होता. दवाखान्यात जायला सवड नव्हती आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही. ते आपल्या ताटातलं तिला भरवायचे. ती मेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या थुंकीत रक्त आलं. तपासल्यावर क्षय निघाला. वर्ष-दीड वर्ष औषध घेऊन ते बरे झाले.

“माझ्यामुळे झाला काय?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “कातड्यावरून ते कळत नाही, काका. फुप्फुसं ठेवली असती तर कदाचित कळलं असतं.” ते माझ्याकडे बघत राहिले. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं. मग मी म्हटलं, “माणसाचा क्षय त्यांना होतो. तुमच्यामुळे झाला असेल. खात्रीने सांगता येणार नाही, पण होऊ शकतं.”

त्यांनी मान हलवली. “बायकोक एकदाच बोललंय,” ते म्हणाले. “ती म्हणाली, नाय हो, तसा काय नसता. तिका बरा वाटूचा म्हणान मी होय म्हटलंय. माका ठावक होता.”

मला वाटलं आता ते रडतील, किंवा मीच रडेन. तसं काही झालं नाही. त्यांनी गुडघ्यांचे पट्टे घट्ट केले. ऊन बाकावर आलं होतं. ते म्हणाले की चला, सुलभा वाट बघत असेल, तिला बापाची काळजी लागून राहते. टॅक्सीत ते पूर्ण वेळ बाहेर बघत होते आणि मधूनच मला सांगत होते, कुठल्या जागी पूर्वी काय होतं. जिना चढताना त्यांनी माझा हात धरला.

संध्याकाळी मी अँटॉप हिलच्या टेकडीवरून सरांना फोन केला. मनीषाच्या घरात पाहुणे होते, म्हणून वसाहतीच्या बाहेर कठड्यावर बसले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर आपण तीन वर्षं सोडायची?”

मी म्हटलं, “आठवण तपासता येते, सर.”

“तपासल्यावर ती खरी निघाली तर?”

“तर आपण चुकलो होतो.”

ते म्हणाले, परत या, बघू. आवाजात राग नव्हता. थकवा होता.

परत नागपूर

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी गिरगावला जाऊन हेमाताईंना सगळं सांगितलं. खलाशाचं आणि सदऱ्याचं तेवढं सांगितलं नाही, ते परबांचं होतं. त्यांनी वहीतलं ते पान परत उघडलं. “शेट म्हणाले तसं, एवढं तरी लिहून ठेवलं बाबांनी,” त्या म्हणाल्या. त्यांनी मला डब्यात भानोल्याच्या वड्या दिल्या. गाडीत समोरच्या बाकावरच्या कुटुंबाबरोबर मी त्या खाल्ल्या.

तळव्याच्या नमुन्यातून यावेळी थोडं जास्त वाचता आलं. वाय नव्हताच. आईकडून उतरणाऱ्या मजकुराचा एक तुकडा सुदैवाने अख्खा मिळाला. तो नदीपलीकडच्या हूलॉकांशी जुळला. परबांची आठवण बरोबर होती.

सातवं कातडं बाजूला काढलं तेव्हा सहा उरली, आणि त्यांचा तो पट्टा अगदी सपाट. चिंपांझी-गोरिलांसारखाच. हूलॉक काही वेगळे नव्हते. आम्ही तसं लिहिलं. लेख छोटा झाला आणि फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. सात नमुन्यांतून सहाच उरले, म्हणून एका परीक्षकाने तो अपुराही म्हटला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. जूनपासून मी इथल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते. सर अजून अधूनमधून चहाला बोलावतात. त्या विषयावर आम्ही बोलत नाही असं नाही, पण कमी बोलतो.

परळच्या कॉलेजला मी पत्र लिहिलं. त्यांनी लेबल बदललं : हूलॉक, मादी, वयात येणारी, ब्रह्मदेश. माहिती देणाऱ्याचं नाव म्हणून परबांचं नाव घातलं. किल्लीवाल्यांनी फोटो पाठवला, तो मी सुलभाला पाठवला.

तळव्याच्या नमुन्याचा निकाल आला त्याच दिवशी मी परबांना फोन केला होता. सुलभाने फोन त्यांच्या कानाशी धरला असावा. मागे डंखावरून आलेल्या मसाल्याची गडबड ऐकू येत होती. मी सांगितलं की ती नदीच्या पलीकडचीच होती, तुम्ही म्हणालात तसं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. ते म्हणाले, मी तर सांगितलंच होतं.

मग त्यांनी विचारलं, “थय अजून आसत काय तसली?”

मी म्हटलं, “आहेत. पूर्वीपेक्षा कमी आहेत, पण आहेत.”

“पोरांसकट?”

“पोरांसकट.”

पलीकडून नुसती मसाल्याची गडबड ऐकू आली. सुलभाने फोन परत घेतला की काय असं मला वाटलं. मग त्यांचा आवाज आला.

“माका इतकी वर्सां वाटलेला,” ते म्हणाले, “ती शेवटची.”